संगणक अभियांत्रिकीचा अभ्यास कसा करावा

एकही प्रोग्रॅम पूर्णपणे स्वतः न लिहिता संगणक अभियांत्रिकीची पदवी बऱ्या गुणांनी मिळवता येते, ही गोष्ट या शाखेत येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने पहिल्याच सत्रात समजून घ्यावी. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, मुंबई विद्यापीठ किंवा लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ यांच्याशी संलग्न असलेल्या बहुतेक महाविद्यालयांत सत्राचा क्रम साधारण सारखाच असतो: अधूनमधून चाचण्या, प्रात्यक्षिकांचे जर्नल, सत्र संपत आले की सबमिशन, त्यानंतर ओरल आणि शेवटी लेखी परीक्षा. जुन्या प्रश्नपत्रिकांतले प्रश्न फिरून येतात, जर्नलमधला कोड वरच्या वर्गाकडून चालत येतो आणि ओरलच्या आदल्या रात्री व्याख्या पाठ करता येतात. या वाटेने गेलेल्या विद्यार्थ्याला चौथ्या वर्षी मुलाखतीत दहा ओळींचा अनोळखी प्रोग्रॅम दाखवून ‘हा काय छापेल?’ असे विचारले की तो अडतो, आणि तोपर्यंत मागचे भरून काढायला सवड उरलेली नसते.

यावरचा माझ्या अनुभवातला खात्रीचा उपाय असा आहे. प्रत्येक विषयाच्या प्रत्येक प्रात्यक्षिकात, प्रोग्रॅम चालवण्याआधी तो काय करील याचा अंदाज वहीत लिहायचा, मग तो चालवायचा, आणि अंदाज व प्रत्यक्ष यांत फरक पडला तर त्याचे कारण सापडेपर्यंत पुढे जायचे नाही. यासाठी जर्नलहून वेगळी, साधी दोनशेपानी वही पुरते. तिला अंदाजवही म्हणू. जर्नल परीक्षकाला दाखवायचे असते, त्यामुळे त्यात फक्त बरोबर उत्तरे असतात. अंदाजवहीत चुकलेले अंदाज तसेच ठेवायचे, खोडायचे नाहीत, कारण आपण कोणत्या जागी वारंवार चुकतो हे दोन महिन्यांनी त्यातूनच कळते. पुढे जे प्रयोग सुचवले आहेत ते सगळे या वहीसाठी आहेत.

शाखा आणि पहिले वर्ष

कॅप फेरीत, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत, पसंतिक्रम भरताना पालक आणि विद्यार्थी शाखेच्या नावावर फार वेळ घालवतात. संगणक अभियांत्रिकी, माहिती तंत्रज्ञान, कृत्रिम बुद्धिमत्ता व डेटा सायन्स ही नावे वेगळी असली तरी दुसऱ्या वर्षाचा गाभा बराचसा एकच असतो. विद्यापीठाच्या किंवा स्वायत्त महाविद्यालयाच्या संकेतस्थळावरून अभ्यासक्रम उतरवून घ्यावा आणि त्यात डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स, डेटा स्ट्रक्चर्स, कॉम्प्युटर ऑर्गनायझेशन, ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस, नेटवर्क्स आणि थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन हे विषय स्वतंत्रपणे व पुरेशा तासिकांसह आहेत का, एवढे पाहावे. हे विषय असतील तर शाखेच्या नावाने फारसे बिघडत नाही, आणि यांतले दोन-तीन विषय कापून त्यांच्या जागी आकर्षक नावांचे विषय घातले असतील तर त्या अभ्यासक्रमापासून मी तरी सावध राहीन.

पहिले वर्ष बहुतेक ठिकाणी सर्व शाखांना जवळपास समान असते. त्यातल्या गणिताकडे दुर्लक्ष करू नये, विशेषतः मॅट्रिक्सच्या भागाकडे, कारण मशीन लर्निंगमध्ये तो पुन्हा समोर येतो. प्रोग्रॅमिंगसाठी सी किंवा पायथन यांपैकी जी भाषा अभ्यासक्रमात असेल ती एकच भाषा नीट शिकावी; वर्षभरात चार भाषांची तोंडओळख करून घेण्याचा काही उपयोग होत नाही. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षात आलेल्या विद्यार्थ्यांचा हात प्रात्यक्षिकांत बसलेला असतो, पण पहिल्या वर्षाचे गणित त्यांच्याकडून सुटलेले असते, म्हणून त्यांनी प्रवेश निश्चित झाल्याबरोबर कॅल्क्युलस आणि मॅट्रिक्सची उजळणी सुरू करावी, दुसऱ्या वर्षाचे गणित सुरू होण्याची वाट पाहू नये.

लॅपटॉप महागाचा लागत नाही. आठ जीबी रॅम असलेले जुने यंत्र आणि त्यावर लिनक्स एवढ्यावर पदवीचा जवळजवळ सगळा अभ्यास होतो. ज्यांना लॅपटॉप घेणे शक्य नाही त्यांनी महाविद्यालयाच्या लॅबमध्ये तासिकेबाहेर बसण्याची परवानगी विभागप्रमुखांकडे लेखी अर्ज करून मागावी. कारण स्पष्ट लिहिले तर ती सहसा मिळते.

डेटा स्ट्रक्चर्स: इथे वेळ द्या

चार वर्षांत एकाच विषयाला दुप्पट वेळ द्यायचा असेल तर तो डेटा स्ट्रक्चर्स (माहिती मांडून ठेवण्याच्या रचना) आणि त्याच्या जोडीने येणाऱ्या अल्गोरिदम्सना (प्रश्न सोडवण्याच्या पायऱ्यांना) द्यावा. लिंक्ड लिस्टमध्ये, म्हणजे एकीकडून दुसरीकडे दुव्याने जोडलेल्या नोंदींच्या यादीत, नोड (नोंद) घालणे किंवा काढणे हे आधी कागदावर चौकोन आणि बाण काढून करावे, आणि कोणता बाण कोणत्या क्रमाने हलवायचा हे ठरल्याशिवाय कीबोर्डला हात लावू नये. क्रम चुकला तर उरलेली यादी हातची निसटते, आणि ती नेमकी कुठे निसटली हे कागदावरच लवकर दिसते.

रिकर्शन, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच बोलावणे, समजण्यासाठी एक प्रयोग सांगतो. फिबोनाची श्रेणीतली (जिच्यात प्रत्येक संख्या आधीच्या दोन संख्यांची बेरीज असते) संख्या काढणारे सरळ रिकर्सिव्ह फंक्शन लिहा, म्हणजे एन दिला की एन वजा एक आणि एन वजा दोन यांसाठी स्वतःलाच हाक मारणारे, आणि शून्य व एक या किमतींना थांबणारे. ते फंक्शन किती वेळा बोलावले गेले हे मोजणारा एक काउंटर त्यात ठेवा. एन पाच असताना हाकांची झाडासारखी आकृती हाताने काढा. मोजल्यावर १५ हाका भरतील. आता एन चाळीस असताना किती होतील याचा अंदाज वहीत लिहा. वर्गातली मुले हजार, फार तर लाख लिहितात. प्रोग्रॅम चालवल्यावर काउंटर ३३,११,६०,२८१ दाखवतो, म्हणजे तेहेतीस कोटींहून अधिक. नंतर काढलेली प्रत्येक संख्या एका ॲरेमध्ये जपून ठेवणारी दुसरी आवृत्ती लिहा आणि तीच संख्या चाळीसहून कमी बेरजांत येते हे पाहा. एक्स्पोनेन्शियल (पटीपटीने वाढणारे) आणि लिनियर (सरळ प्रमाणात वाढणारे) या शब्दांची व्याख्या पाठ असणे वेगळे आणि हा फरक डोळ्यांसमोर घडलेला असणे वेगळे. ज्याने हे केले आहे त्याला डायनॅमिक प्रोग्रॅमिंग, म्हणजे काढलेली उत्तरे जपून पुन्हा वापरण्याची ही पद्धत, कशासाठी शिकायचे हे पुन्हा सांगावे लागत नाही.

बायनरी सर्चचेही, म्हणजे दर वेळी मधली नोंद पाहून निम्मा भाग सोडून देणाऱ्या शोधाचेही, असेच आहे. क्रमाने लावलेल्या दहा लाख नोंदींत हवी ती नोंद जास्तीत जास्त २० तुलनांत सापडते, हे सगळे लिहितात. पण मधली जागा काढताना ‘लो’ आणि ‘हाय’ या शोधाच्या दोन टोकांच्या क्रमांकांची बेरीज करून दोनाने भागले, आणि ती बेरीज बत्तीस बिटांच्या पूर्णांकाच्या २,१४,७४,८३,६४७ या मर्यादेपलीकडे गेली, तर जावामध्ये उत्तर ऋण येते आणि प्रोग्रॅम कोसळतो. जावाच्या प्रमाणित लायब्ररीत नेमकी हीच चूक अनेक वर्षे होती आणि २००६ मध्ये ती जाहीरपणे मांडली गेली. उपाय अगदी साधा आहे: ‘हाय’मधून ‘लो’ वजा करून अर्धे करावे आणि ते ‘लो’मध्ये मिळवावे. पाठ्यपुस्तकातल्या पाच ओळींच्या कोडकडेही संशयाने पाहायची सवय या उदाहरणाने लागते, म्हणून मी ते दुसऱ्या वर्षातच सांगतो.

ग्राफच्या, म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या कडांच्या, भागात सर्वांत जवळचा मार्ग शोधणारा डायक्स्ट्राचा अल्गोरिदम १९५९ साली प्रसिद्ध झाला वगैरे माहिती ओरलला उपयोगी पडेल, पण खरी समज तपासायची असेल तर तो मोडून पाहावा. तीन बिंदू घ्या: अ पासून ब कडे जाणाऱ्या कडेचे वजन २, अ पासून क कडे ५, आणि क पासून ब कडे उणे ४. अल्गोरिदम ब चे अंतर २ धरून ते कायम करून टाकतो, प्रत्यक्षात क मार्गे गेल्यास अंतर १ आहे. ही चूक का झाली हे स्वतःच्या शब्दांत चार वाक्यांत लिहिता आले, तर ग्रीडी पद्धत (प्रत्येक टप्प्यावर त्या क्षणी उत्तम दिसेल ते निवडणारी) कोणत्या गृहीतावर उभी असते ते कळले असे समजावे.

आपल्या लिपीवर एक प्रयोग

स्ट्रिंग (मजकूर) हा प्रकार बहुतेक विद्यार्थी इंग्रजी अक्षरांवरच शिकतात आणि त्यामुळे अक्षर म्हणजे एक बाइट असा समज डोक्यात पक्का बसतो. तो काढण्यासाठी ‘मराठी’ हा शब्द घ्यावा. वाचणाऱ्याला त्यात तीन अक्षरे दिसतात. पायथनमध्ये त्याची लांबी विचारली तर ५ येते, कारण युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी यांना स्वतंत्र जागा आहेत. लिनक्सवर सी भाषेच्या स्ट्रलेन फंक्शनला तोच शब्द दिला तर १५ येते, कारण यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. आता तो शब्द पायथनमध्ये उलटा करून छापा: दीर्घ वेलांटी सर्वांत पुढे निराधार येते आणि र चा काना ठ ला जाऊन चिकटतो. ‘क्ष’ हे एक जोडाक्षर घेतले तर क, हलन्त आणि ष अशी तीन चिन्हे आणि नऊ बाइट होतात.

मराठी नावे साठवणारे डेटाबेसचे रकाने अपुरी का पडतात, शोध घेताना नोंदी का सापडत नाहीत, मोबाइलच्या पडद्यावर नाव मधेच का तुटते, अशा प्रत्यक्ष कामात येणाऱ्या अनेक अडचणींचे मूळ या एका प्रयोगात दिसते. मराठीत चालणारी सॉफ्टवेअर्स नीट व्हावीत असे ज्यांना मनापासून वाटते त्यांनी तरी हा प्रयोग चुकवू नये.

यंत्राच्या आतले विषय

कॉम्प्युटर ऑर्गनायझेशन हा विषय आकृत्या पाठ करण्याचा मानला जातो आणि ते फार वाईट आहे. पाच हजार गुणिले पाच हजार पूर्णांकांचा ॲरे सी भाषेत घ्या आणि त्यातल्या सर्व संख्यांची बेरीज दोन प्रकारे करा: एकदा ओळीमागून ओळ आणि एकदा स्तंभामागून स्तंभ. दोन्हींत बेरजा अडीच कोटीच आहेत, मग वेळ सारखाच लागेल का, याचा अंदाज लिहा. कंपायलरचे ऑप्टिमायझेशन (कोड आपोआप वेगवान करण्याची सोय) न लावता चालवल्यास स्तंभांचा प्रोग्रॅम स्पष्टपणे मागे पडतो. सी भाषेत ओळीतल्या संख्या मेमरीत शेजारीशेजारी असतात, आणि ६४ बाइटांची कॅश लाइन (मेमरीतून एका वेळी आणला जाणारा तुकडा) असलेल्या प्रोसेसरमध्ये एका खेपेत चार बाइटांचे १६ पूर्णांक येतात. स्तंभाने जाताना मात्र प्रत्येक पाऊल २०,००० बाइटांचे पडते आणि आणलेले बाकीचे पूर्णांक वापरलेच जात नाहीत. हा ॲरे फंक्शनच्या आत जाहीर केला तर प्रोग्रॅम सेगमेंटेशन फॉल्ट देऊन बंद पडेल, कारण लिनक्सवर स्टॅकची, म्हणजे फंक्शनच्या आतल्या माहितीसाठीच्या मेमरीची, नेहमीची मर्यादा आठ एमबी असते आणि हा ॲरे दहा कोटी बाइटांचा आहे. तो फॉल्ट येऊ द्यावा. स्टॅक आणि हीप (प्रोग्रॅमने मागून घेतलेली मेमरी) यांतला फरक त्यातून चांगला समजतो.

ऑपरेटिंग सिस्टिमसाठी फोर्क हे चालू प्रोग्रॅमची दुसरी प्रत सुरू करणारे फंक्शन ओळीने तीनदा बोलावून शेवटी एक ओळ छापावी आणि ती किती वेळा छापली जाईल हे आधी लिहावे. आठ वेळा छापली जाते. झाड काढून दाखवता आले पाहिजे.

डेटाबेसमध्ये एसक्यूएल ही माहिती विचारण्याची भाषा सगळ्यांना जमते, पण ट्रान्झॅक्शन (एकत्रच पूर्ण व्हायचे बदल) हा भाग एसीआयडी या त्याच्या चार गुणधर्मांच्या व्याख्यांवर संपतो. त्याऐवजी पोस्टग्रेस हा डेटाबेस बसवावा आणि दोन टर्मिनल खिडक्या उघडाव्यात. एसटीच्या आरक्षणासारखा एक छोटा तक्ता करावा, ज्यात आसन क्रमांक आणि प्रवाशाचे नाव एवढेच रकाने असतील. पहिल्या खिडकीत ट्रान्झॅक्शन सुरू करून बारा क्रमांकाच्या रिकाम्या आसनावर एक नाव टाकावे, पण कमिट करू नये, म्हणजे बदल कायम करू नये. दुसऱ्या खिडकीत तेच आसन वाचले तर ते अजून रिकामेच दिसते. तिथून त्यावर दुसरे नाव टाकायचा प्रयत्न केला की ती खिडकी थांबून राहते. आता पहिल्या खिडकीत कमिट करा. दुसरी खिडकी लगेच पुढे जाते, आणि तिच्या कमिटनंतर पहिल्या प्रवाशाचे नाव पुसले गेलेले असते. हाच प्रयोग पुन्हा करताना दुसऱ्या खिडकीच्या अपडेटमध्ये ‘नावाचा रकाना रिकामा असेल तरच’ ही अट घालावी. या वेळी शून्य ओळी बदलल्याचे उत्तर येते आणि आसन पहिल्या प्रवाशाकडेच राहते. पंधरा मिनिटांच्या या कामातून लॉक, आयसोलेशन आणि हरवलेले अपडेट या तिन्ही गोष्टी कळतात.

नेटवर्क्ससाठी वायरशार्क हे नेटवर्कवरची देवाणघेवाण दाखवणारे साधन उघडून एखाद्या संकेतस्थळाशी होणाऱ्या जोडणीतली टीसीपी या जोडणीच्या नियमावलीची पहिली तीन पॅकेट्स (माहितीचे तुकडे) शोधावीत. थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन अनेकांना कोरडा वाटतो; त्यांनी तीनाने भाग जाणाऱ्या बायनरी संख्या ओळखणारे तीन अवस्थांचे यंत्र कागदावर काढावे आणि मग त्याचा प्रोग्रॅम लिहावा.

मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१-२२ पासून मराठीसह काही भारतीय भाषांत अभियांत्रिकी शिकवण्यास मान्यता दिली असली, तरी बहुसंख्य विद्यार्थ्यांच्या वाट्याला इंग्रजी पुस्तके आणि इंग्रजी प्रश्नपत्रिकाच येतात. पहिल्या सत्रात इंग्रजी परिच्छेद तीनदा वाचूनही कळत नाही तेव्हा आपली बुद्धीच कमी पडते असे अनेकांना वाटू लागते, आणि ते वर्गात प्रश्न विचारायचे सोडतात. तसे मुळीच नसते. कल्पना आधी मराठीत समजून घ्यावी. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स, सी, पायथन अशा विषयांवरचे मराठी ध्वनिपाठ विनामूल्य मिळतात. मग एखाद्या मित्राला किंवा मैत्रिणीला ती मराठीतून, फळ्यावर आकृती काढून, मोठ्याने समजावून सांगावी आणि त्याच दिवशी तीच गोष्ट इंग्रजीत आठ-दहा साध्या वाक्यांत लिहावी. पाठ केलेले इंग्रजी उत्तर प्रश्न थोडा फिरवला की निरुपयोगी होते, समजून लिहिलेले मोडके इंग्रजी मात्र सरावाने सुधारते. शिक्षकांनाही विनंती करावीशी वाटते की ओरलला विद्यार्थी अडला तर त्याला मराठीत सांगायची मुभा द्यावी.

चॅटजीपीटीसारखी साधने

आता कोड मागितला की सेकंदांत मिळतो, त्यामुळे वरच्या वर्गाच्या जर्नलचीही गरज उरलेली नाही. ही साधने वापरूच नयेत असे मी म्हणणार नाही, कारण नोकरीत ती वापरावीच लागतील. परंतु पहिल्या दोन वर्षांत क्रम पाळावा: आधी स्वतःचा प्रयत्न, तोही निदान तासभर; मग साधनाला आपला कोड देऊन चूक कुठे आहे एवढेच विचारावे, पूर्ण उत्तर मागू नये. साधनाने लिहिलेला प्रोग्रॅम घेतलाच तर तो चालवण्याआधी त्याचाही अंदाज वहीत लिहावा आणि रिकामी यादी, एकच घटक, ऋण संख्या, देवनागरी मजकूर अशी त्रासदायक माहिती त्याला द्यावी. चुका तिथेच सापडतात.

परीक्षा, गेट आणि प्रकल्प

लेखी परीक्षेसाठी मागच्या काही वर्षांच्या प्रश्नपत्रिका सोडवाव्यातच, मात्र सत्राच्या शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत. केटी लागली, म्हणजे एखादा विषय मागे राहिला, तर तो विषय पुढच्या सत्रात लगेच काढावा. गणित आणि डेटा स्ट्रक्चर्स मागे ठेवून तिसऱ्या वर्षात गेलेल्यांना प्रत्येक नवा विषय जड जातो.

गेट या एम.टेक. प्रवेशासाठीच्या परीक्षेचा विचार असेल तर तिसऱ्या वर्षाच्या आरंभापासून तयारी करावी. तीन तासांत ६५ प्रश्न आणि १०० गुण असतात. त्यांपैकी १५ सामान्य क्षमतेला, १३ अभियांत्रिकी गणिताला आणि उरलेले ७२ मुख्यतः वर सांगितलेल्याच विषयांना असतात. एनपीटीईएल या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर या विषयांची आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्याने आहेत. नोकरीसाठीच्या मुलाखतींतही हेच विषय विचारले जातात, त्यामुळे प्लेसमेंटचा अभ्यास आणि पदवीचा अभ्यास असे दोन वेगळे ढीग करण्याची गरज नाही.

शेवटच्या वर्षाचा प्रकल्प विकत घेण्याची प्रथा काही ठिकाणी आहे, आणि वर्षभराचे शिकणे तिथे पैशांनी टाळले जाते याचे मला मनापासून वाईट वाटते. विषय निवडताना वापरणारा माणूस हाताशी असेल असा निवडावा, उदाहरणार्थ गावच्या वाचनालयाची देवघेव किंवा दूध संकलन केंद्राचा हिशेब, म्हणजे दर पंधरवड्याला त्याच्यासमोर ठेवून चुका कळतील. गटातल्या प्रत्येकाने पहिल्या दिवसापासून स्वतःच्या नावाने गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात, कमिट करावे, जेणेकरून कोणी काय केले याची नोंद राहील आणि एकाच्याच अंगावर सगळे काम पडणार नाही. अहवालात यशस्वी चाचण्यांबरोबर अपयशी चाचण्यांचाही तक्ता द्यावा: कोणती माहिती दिली, काय अपेक्षित होते, काय आले आणि कारण काय निघाले. बाहेरून आलेले परीक्षक सहसा याच पानावर थांबून प्रश्न विचारतात, आणि ज्याने काम स्वतः केले आहे त्याला त्या प्रश्नांची उत्तरे शोधत बसावे लागत नाही.